ठोका सरळ करणाऱ्या फोल्करला

हेर्न, ११ मार्च

फोल्कर,

तुझ्या व्यवस्थापक बाईंचं पत्र टपरीच्या पत्त्यावर आलं. तू ॲरिझोनाला गेलास तेव्हा बर्लिनची भिंत अजून उभी होती. तेव्हापासून तुझ्याकडून नाताळचं कार्डसुद्धा नाही, आणि आता एकदम जाड कागद, सोनेरी अक्षरं, 'आदरणीय श्रीमती कामिन्स्की'. पोस्टमन म्हणाला, "रोझी, लॉटरी लागली काय?" म्हटलं, वाचून सांगते. वाचलं, आणि सकाळचा पावावरचा कच्चा खिमा आणि कांदा तसाच बाजूला सारला. मला ओळखतोस तू. मी खिमा बाजूला सारत नाही.

म्हणजे तुमच्या पहिल्या रेकॉर्डला चाळीस वर्षं झाली, म्हणून ऑगस्टमध्ये फ्रीडरिके खाणीच्या आवारात तुमचा बँड, 'ग्लूटनेस्ट', पुन्हा वाजणार. मूळचे तिघं: तू, बास गिटारवाला नॉर्बर्ट आणि ड्रमवर माझा उवे. इथवर ठीक. पुढे बाई लिहितात की 'उवेची प्रकृती लक्षात घेता' ड्रमचा आवाज संगणकातून येईल, आणि उवेनं मागे बसून 'अनुरूप हालचाली' कराव्यात.

हालचाली! तो माणूस आहे की घड्याळातला कोकीळ?

प्रकृती म्हणजे काय ते बाईंना तू सांगितलं नसशील, कारण तुलाही माहीत नाही. तू गेलास, उवे राहिला आणि खाली खाणीत गेला. हवेच्या दाबावर चालणारा तो हातोडा वर्षानुवर्षं दोन्ही हातांत धरून कोळसा फोडला त्यानं, खाण बंद होईपर्यंत. आता थंडी पडली की त्याची बोटं मेणबत्तीसारखी पांढरी होतात. डॉक्टर त्याला पांढऱ्या बोटांचा आजार म्हणतात. कॉफीचा कप तो दोन्ही तळव्यांत धरतो, चिमणीचं पिल्लू धरावं तसा. शर्टाची गुंडी मी लावते. बहिणीचा मुलगा आहे, ती गेल्यापासून वरच्या मजल्यावर राहतो. माझ्यापुढे त्याला लाज नाही.

त्याला हजारो लोकांपुढे बसवून हवेत काठ्या फिरवायला लावणार तू? सोललेल्या बटाट्याला परत साल चिकटवून बाजारात मांडण्यातला प्रकार आहे हा. शिसारी आली मला, दुसरा शब्द नाही.

उवेला विचारलं. त्याला यात काडीचा रस नाही. विषय संपला.

रोझी मावशी

हेर्न, २ एप्रिल

फोल्कर,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी होती. उवेला रस आहे. त्यानं सही केली, आणि मला न विचारता केली. काय मागवायचं असलं की तो मला हाक मारतो, फॉर्म मी भरते. हे मात्र नॉर्बर्टच्या गाडीपाशी उभं राहून, तिच्या टपावर कागद ठेवून केलं. नॉर्बर्ट आता गाडी शिकवतो, पोरांना क्लच कसा सोडायचा ते सांगतो. त्याच्या गाडीवर 'शिकाऊ चालक' असं लिहिलेलं आहे. अगदी योग्य ठिकाणी सही झाली म्हणायची.

मी जिन्यात गाठलं उवेला.

"तुला कळतंय ना, वाजवायचं नाहीये?"

"कळतंय."

"ड्रममध्ये फोम भरणार आहेत म्हणे, चुकून आवाज येऊ नये म्हणून. पेंढा भरलेल्या घुबडासारखं."

"मावशी, फोम भरला तरी ड्रमच आहे ना?"

"आणि तू?"

"बसायला तरी मिळेल." म्हणाला. " तिथून सगळं कसं दिसतं ते तुला नाही माहीत. फोल्करची पाठ दिसते, नॉर्बर्टचं टक्कल पडलेलं डोकं दिसेल आता, आणि पुढे लोक. तिथून बघायचंय एकदा."

गेले आठ दिवस तो जिन्यात गुणगुणतो. काल दाढी केली, स्वतः, दोन ठिकाणी कापून घेतलं. गिऱ्हाइकं विचारतात, "उवे प्रेमात पडला काय गं?" मी म्हणते, हो, एका लबाडाच्या.

तर हे असं आहे. तुझा मला जितका संताप येतो तितकाच त्याच्या आनंदाचा येतो, कारण तो खरा आहे आणि तू त्याला खोट्यासाठी वापरणार आहेस. पोराला पोहायची हौस, आणि तू कोरड्या टाकीत उडी मारायला बोलावतोस.

मी त्याला अडवणार नाही. तू अडवू शकतोस, एवढंच सांगायला लिहिलं. खोटे ड्रम नकोत म्हण. दुसरा कुणी जवान ड्रमवाला आण, आणि उवेला पाहुणा म्हणून शेजारी बसव, बिअर दे. तिथूनही तुझी पाठ दिसेल.

रोझी मावशी

हेर्न, १९ जून

फोल्कर,

परवा तू फोन आपटलास की मी, यावर नॉर्बर्टशी माझा वाद चालू आहे. मी आपटला. नोंद असू दे.

आधी हेन्द्रोचं सांगते, कारण त्याच्यामुळेच मी फोनवर एवढी भडकले. तुमच्या नावानं लोक अजून माझ्या टपरीवर येतात, तुला हे ठाऊक नसेल. ब्राझीलहून आले, पोलंडहून आले. मागच्या खोलीत, बिअरच्या क्रेटांमध्ये तुम्ही तिघं सराव करायचात, ती खोली बघायची असते त्यांना. मी दार उघडते, मिश्र गोळ्यांची पुडी देते, ते भिंतीला हात लावतात आणि रडतात. क्रेटांच्या भिंतीला! पहिल्यांदा मला हसू आलं होतं. आता मी बाहेर उभी राहते, त्यांना वेळ देते.

तर गेल्या आठवड्यात इंडोनेशियातून एक माणूस आला, हेन्द्रो म्हणून, पन्नाशीचा, बरोबर डोक्याला रुमाल बांधलेली बायको. सुराबाया शहरात त्याचं टायरचं दुकान आहे. जर्मन येत नाही, मला त्याची भाषा येत नाही. त्यानं एक रिकामी क्रेट उलटी केली, गुडघ्यांमध्ये धरली, आणि बोटांनी तुमचं 'ठोका' हे गाणं वाजवलं. पहिल्यापासून. बायको मान हलवत होती, तिनं हजारदा ऐकलेलं दिसलं. आणि फोल्कर, वाजवता वाजवता तो धावला. उवे जिथं जिथं धावतो, तिथं तिथं धावला. मध्ये उवेचा पाय एकदा अडखळतो ना, रेकॉर्डवरही आहे तो, तिथं हा टायरवाला अडखळला! मुद्दाम, प्रेमानं. उवे जिन्यावरून उतरत होता, तो तिथंच खाली बसला.

आता तुझा फोन.

तू म्हणालास, "मावशी, जुनं रेकॉर्डिंग आम्ही साफ करून घेतलंय. उवेचा वेग सारखा वाढत जायचा, तो एकसारखा केला. बाकी काही नाही, चुका दुरुस्त केल्या."

मी म्हटलं, "'ठोका'सुद्धा?"

"ते तर सगळ्यात जास्त. शेवटी तो जवळजवळ दुप्पट वेगात जातो. आजच्या कानांना ते कच्चं वाटतं."

"कुणाच्या कानांना रे? मोजून दाखव."

"मावशी, तू संगीतातली नाहीस."

नाही. मी शाळेतली पण नाही. चौदाव्या वर्षी काउंटरमागे उभी राहिले आणि जे शिकले ते विकायला आलेली मासिकं फुकट वाचून शिकले. तुमच्या थ्रॅश मेटलची मासिकंही वाचली, कव्हरवरच्या कवट्या बघून नाक मुरडत. पण 'ठोका' कुठून आलं ते मी मासिकात वाचलेलं नाही. मी तिथं होते, आणि तूही होतास, माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात, ताटात तिसरं बटाट्याचं धिरडं घेऊन.

उवेचा बाप अल्फोन्स खाणीत गाडला गेला होता, छप्पर कोसळलं तेव्हा. जिवंत निघाला. त्याबद्दल तो कधी बोलायचा नाही. त्या दिवशी तू विचारलंस, पोरवयातला बेशरमपणा तो, "अल्फोन्सकाका, आत काय करायचं असतं?" तो म्हणाला, "लोखंडी नळीवर ठोकायचं. बाहेरच्यांना कळावं, जिवंत आहे." आणि त्यानं चमचा घेऊन टेबलावर ठोकून दाखवलं. आधी सावकाश, शिस्तीत, तसंच शिकवलेलं असतं. मग त्याचा हात घाईला आला. त्याला थांबवता येईना. आम्ही सगळे बघत राहिलो. शेवटी बहिणीनं त्याच्या हातावर हात ठेवला. "तिकडून उत्तर येत नाही ना तोवर असं होतं," एवढंच म्हणाला, आणि सफरचंदाचा मुरंबा मागितला.

त्याच आठवड्यात उवेनं तुमचं गाणं बसवलं. आणि लोकांनी स्वतःहून उत्तर द्यायला सुरुवात केली. खाणीतली माणसं होती ती, त्यांना सांगावं लागलं नाही. शेवटच्या भागात तू गायचा थांबतोस, उवे ठोकतो, आणि पुढच्या रांगा लोखंडी कठड्यावर मुठी आपटून उत्तर देतात. अजून देतात, जगभर देतात. हेन्द्रोनं फोनवर दाखवलं मला, त्याच्या गावातल्या कुठल्याशा मंडपात पोरं बांबूवर मुठी आपटतायत.

तो ठोका तू सरळ केलास. छपराखाली गाडल्या गेलेल्या माणसाला म्हणालास, जरा तालात ठोक.

मला त्या क्षणी तुझा आवाजसुद्धा नकोसा झाला, नासक्या दुधाचं झाकण उघडल्यासारखा. म्हणून आपटला.

उवेला मी हे सांगितलेलं नाही. नॉर्बर्टला तालमीत कळलं, तो इथं येऊन काउंटरवर डोकं टेकून बसला. "मी सांगू त्याला?" म्हणाला. मी म्हटलं, "तू क्लच सांभाळ." उवेला तालमीला बोलावलेलंच नाही तुम्ही. हालचालींना कसली तालीम?

अजून वेळ आहे, फोल्कर. जुना ठोका तसाच्या तसा वाजव. बाकी सगळं खोटं मी गिळीन.

रोझी मावशी

हेर्न, २५ ऑगस्ट

फोल्कर,

तू विमानतळाकडे निघालास असं नॉर्बर्ट म्हणाला. हे पत्र तुझ्या आधी पोचणार नाही, पण तुला दुसरी बाजू कुणी सांगणार नाही म्हणून लिहिते. तू पुढे तोंड करून उभा होतास, पाठीमागे काय झालं ते तुला फक्त फोनवरच्या तुकड्यांतून कळेल.

मी कठड्याला लागून होते. पंचाहत्तरीची बाई बघून पोरांनी जागा दिली. पोरं म्हणजे साठीची, पाठीवर केस, पुढे पोट. एकानं मला कानात घालायला कापूस दिला, दुसऱ्यानं विचारलं, "आजी, कुणाची आई?" म्हटलं, "ड्रमवाल्याची मावशी." त्यानं ते मागे ओरडून सांगितलं, आणि पन्नासेक अनोळखी माणसांनी मला बिअर देऊ केली. असली माणसं आहेत ती. त्यांना फसवायला निघाला होतास तू.

ऊन अजून होतं. उवे आला. मी सकाळी त्याच्या गुंड्या लावल्या होत्या. तो बसला, त्यानं इकडून तिकडे सगळं पाहिलं, आणि त्याचं तोंड असं उजळलं की मी तुला तेवढ्या वेळापुरती माफी दिली. पहिली चार गाणी तो सुंदर खोटं वाजवत होता. कुणाला काय कळतंय, धूर, आवाज. मला कळत होतं. काठ्या त्यानं मनगटांना पट्टीनं बांधून घेतल्या होत्या.

मग 'ठोका'.

तू गायचा थांबलास. यंत्राचा ठोका सुरू झाला, सरळ, गुळगुळीत, दवाखान्यातल्या फरशीसारखा. आणि लोकांनी उत्तर दिलं. त्यांना कोण सांगणार सरळ झालाय म्हणून? त्यांचे हात चाळीस वर्षं तोच रस्ता चाललेत. ते धावले. जिथं उवे धावतो तिथं सगळं आवार धावलं, आणि यंत्र मागे राहिलं. माझ्या शेजारचा म्हणाला, "अरे, उवे थकला काय?" दुसरा म्हणाला, "गप, पोचेल तो, ठोकत राहा." फोल्कर, ते त्याला हात देत होते! त्यांना वाटलं तो आत अडकलाय. ते आणखी जोरात ठोकायला लागले, बाहेरून.

मी उवेकडे पाहत होते. त्याला पहिल्यांदा कळलं, त्याच्या ठोक्याचं काय केलंय ते. काठ्या बांधलेले हात त्यानं खाली घेतले, मांडीवर ठेवले. नुसता ऐकत बसला. लोकांमधला ठोका त्याचा होता, आणि ड्रममधला कुणाचाच नव्हता.

तेव्हासुद्धा वाट होती. यंत्र बंद करायचंस. लोकांना ठोकू द्यायचंस. काही कळलं नसतं कुणाला, उलट डोक्यावर घेतलं असतं तुला.

तू आवाजवाल्याकडे वळलास आणि हाताचा अंगठा वर वर केलास. वाढव. आणखी वाढव. यंत्राचा आवाज एवढा वाढला की माझ्या दातांत गेला, आणि लोकांच्या मुठी बुडाल्या. ऐकूच येईनात. दिसत होत्या फक्त, आपटताना.

उत्तर येत होतं रे. तूच बुडवलंस.

उवे उठला. दातांनी मनगटावरची पट्टी सोडली, एक एक करून, घाई न करता. काठ्या स्टुलावर ठेवल्या. मागच्या शिडीनं उतरला. आणि ड्रम वाजतच राहिले. रिकामं स्टूल, आणि ढम ढम ढम. हसावं की ओकावं. आधी कुणी हसलं नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, "भूत वाजवतंय काय?" आणि मग हुर्योचा जो आवाज उठला तो तू आयुष्यभर विसरू नयेस, एवढीच माझी इच्छा आहे.

मला तो फाटकाशी भेटला. म्हणाला, "मावशी, सॉसेज खायचंय, तिखट सॉसवालं. आणि फ्राइज." दोन प्लेटी घेतल्या. मी त्याला भरवलं, उघड्यावर, सगळ्यांदेखत. त्यानं भरवू दिलं.

रोझी कामिन्स्की

हेर्न, ६ ऑक्टोबर

फोल्कर,

तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण आज बाईंचं दुसरं जाड पत्र आलं. या वेळीही उवेच्या नावानं नाही, माझ्याच.

बाई लिहितात, त्या दिवसाचा तुकडा लाखो लोकांनी पाहिला. पहिले दोन दिवस लोकांनी थट्टा केली, मग कुणीतरी असा अर्थ लावला की ते मुद्दाम होतं. वाजणारे ड्रम आणि रिकामं स्टूल, म्हणजे म्हणे खाणीतल्या हरवलेल्यांची आठवण. लोक रडले. तू नाही म्हणाला नाहीस. आता पुढचा सगळा दौरा तसाच: रिकामं स्टूल, त्याच्यावर एकच दिवा. आणि त्यावर पसरायला उवेची जुनी डेनिमची बंडी मिळेल का, ठिगळांवर बँडांची नावं शिवलेली, 'शक्यतो न धुतलेली'.

मी वरची खोली उघडली आणि ती बंडी खुंटीवरून काढली. न धुतलेली आहेच. तुमच्यात ती धुवायची नसते, धुणारा बाटगा. माझ्या बहिणीनं एकदा साबण घेतला होता तेव्हा तुम्ही तिघांनी मोरीचं दार अडवलं होतं. चाळीस वर्षांचा घाम, बिअर, धूर, पाऊस, कुणाच्या तरी ओकारीचा डाग. नाकाशी धरली. सांगू? घाण वास आला नाही मला. जिवंत माणसाचा वास आला. घाण वास त्या सोनेरी अक्षरांना येत होता.

तो जिवंत आहे, फोल्कर. हे लिहावं लागतंय याचीच मला किळस येते. वरच्या मजल्यावर आहे, पावसामुळे बोटं पांढरी झालीत, खिडकीला टेकून फुटबॉल ऐकतोय आणि रेफरीच्या आईचा उद्धार करतोय. दर शनिवारी मागच्या खोलीत तीन-चार जण येतात आता, त्या दिवशीचे कठड्यावरचेच. क्रेटा उलट्या करतात. उवे काठी धरत नाही. तो मधोमध बसतो आणि पायानं जमिनीवर ठोकून ताल सांगतो, आणि ते वाजवतात. धावतात, पडतात, एकमेकांना शिव्या घालतात. सगळं सदोष. माझा धंदा वाढलाय, बिअरचा.

पत्र मी त्याला वाचून दाखवलं, सगळं, 'न धुतलेली'सकट. मला वाटलं आता तरी चिडेल. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं, असं की कागद जळावा.

"काय लिहू?" मी विचारलं.

त्यानं बंडी माझ्या हातातून घेतली आणि अंगात घातली. पोटावर मिटत नाही. मग खुर्चीत नीट बसला.

"लिही," म्हणाला, "बंडी वापरात आहे. आणि स्टुलाचं म्हणशील तर ते रिकामं कशाला ठेवतोस? तूच बस त्याच्यावर. इतकी वर्षं उभा आहेस, दमला असशील."

मी माझ्याकडचं काही जोडत नाही.

रोझी मावशी